फाइल सिस्टीम आणि स्टोरेज पूल काढताना: आधी दिसेनासं करा, मग नाहीसं

झेडएफएस या स्टोरेज प्रणालीत अख्खा पूल, म्हणजे अनेक डिस्क मिळून झालेली सामाईक जागा, मोडायला एक ओळ पुरते, आणि एंटर दाबल्यावर ती ओळ ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी लिनक्सची व्यवस्था, निदान हो-नाही विचारते. ‘सेफ’ नावाच्या वितरित स्टोरेजमध्ये पूल पुसायचा तर त्याचं नाव दोनदा लिहावं लागतं, वर ‘यस आय रिअली रिअली मीन इट’ असा लांबलचक पर्याय जोडावा लागतो, आणि सेटिंगमध्ये पूल काढायची मुभा आधी दिलेली नसेल तर एवढं करूनही नकारच मिळतो. कुठली प्रणाली किती वेळा विचारेल ते तिच्या बनवणाऱ्यांच्या स्वभावावर आहे. त्यामुळे विचारण्याचं काम आपणच आपल्याकडे घेतलेलं बरं.

हा लेख सर्व्हरचं काम नव्याने हाती आलेल्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरच्या झेडएफएसची आहेत, कारण पूल आणि फाइल सिस्टीम यांतलं नातं तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं. एलव्हीएम आणि एमडी रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारी लिनक्सची सोय) यांबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. जिथे अक्षर लहान की मोठं यावर सगळं ठरतं तिथे ‘लहान आर’, ‘मोठा आर’ असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या पूलचं नाव ‘टँक’ धरू, आणि काढायच्या फाइल सिस्टीमचं ‘टँक/प्रकल्प’.

सगळ्या पायऱ्यांमागे सूत्र एकच आहे. जे काढायचं ते आधी दिसेनासं करा, काही काळ थांबा, कोणी ओरडतंय का ते बघा आणि मगच नाहीसं करा. दिसेनासं केलेलं एका मिनिटात परत आणता येतं. नाहीसं केलेलं परत येईलच असं नाही.

थर कसे लागलेले असतात

सर्वांत खाली डिस्क. डिस्क मिळून पूल होतो. पूलमधून फाइल सिस्टीम निघतात, त्या कुठल्या तरी डिरेक्टरीवर माउंट होतात, त्या डिरेक्टरीवर एनएफएस किंवा सांबाचे (नेटवर्कवरून फाइली वाटणारे) शेअर असतात आणि त्यावर कुठली तरी सेवा चाललेली असते: डेटाबेस, कंटेनर, रात्रीचा बॅकअप. बांधताना आपण खालून वर जातो, काढताना वरून खाली यायचं. मधला थर आधी ओढला की वरचे लोंबकळत राहतात, आणि ते कधी पडतील हे आपल्या हातात राहत नाही.

झेडएफएसची एक खासियत इथे लक्षात घ्या. पूलमधल्या फाइल सिस्टीमना आपापली ठरलेली जागा नसते. सगळ्या एकाच सामाईक जागेतून घेतात. म्हणून एक फाइल सिस्टीम काढली की मोकळी झालेली जागा सगळ्यांना मिळते. हे सोयीचं आहेच, पण त्यामुळेच पुढचा प्रश्न आधी विचारावा लागतो.

काढायचंय, की फक्त जागा हवी आहे?

निम्म्याहून अधिक वेळा ‘ही फाइल सिस्टीम उडवू या’ याचा खरा अर्थ ‘पूल भरलाय’ एवढाच असतो, असं माझं निरीक्षण आहे. तेव्हा आधी ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस -लहान आर टँक’ चालवा. प्रत्येक ओळीत वापरलेली जागा चार भागांत फोडून दाखवली जाते: फाइल सिस्टीमचा स्वतःचा चालू डेटा, स्नॅपशॉटांनी (म्हणजे त्या-त्या क्षणी गोठवलेल्या स्थितीने) अडवलेली जागा, राखून ठेवलेली जागा आणि पोटातल्या फाइल सिस्टीमनी घेतलेली. बऱ्याचदा स्नॅपशॉटांचा रकाना फुगलेला दिसतो. चालू डेटा थोडा, आणि स्वयंचलित स्नॅपशॉट वर्षभर साचलेले. अशा वेळी जुने स्नॅपशॉट काढले की काम झालं, फाइल सिस्टीमला हात लावायची गरजच नाही.

स्नॅपशॉटांच्या जागेचा हिशोब मात्र नवख्यांना हमखास चकवतो. एखाद्या स्नॅपशॉटपुढे दिसणारा ‘यूज्ड’ आकडा म्हणजे फक्त त्या एकट्याने धरलेली जागा. जे ब्लॉक दोन-तीन स्नॅपशॉटांत सामाईक आहेत ते कोणाच्याच नावावर दिसत नाहीत. म्हणून वीस स्नॅपशॉटांची बेरीज अगदी किरकोळ येते, पण वीसही एकदम काढले तर त्याच्या कितीतरी पट जागा सुटते. खरा आकडा हवा असेल तर पहिल्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटमध्ये टक्क्याचं चिन्ह घालून पूर्ण पट्टा द्या आणि सोबत ‘-एन’ व ‘-व्ही’ लावा: ‘झेडएफएस डिस्ट्रॉय -एनव्ही टँक/प्रकल्प@पहिला%शेवटचा’. यात काहीही पुसलं जात नाही. काय पुसलं गेलं असतं आणि किती जागा सुटली असती, एवढंच छापून येतं.

वापर कोण करतंय

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायचा आहे.

‘झेडपूल हिस्टरी टँक’ ही कमांड पूल तयार झाल्यापासून त्यावर चाललेले बदल तारखेसकट दाखवते. ‘-लहान एल’ लावलं तर कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या यंत्रावरून केले तेही दिसतं. फाइल सिस्टीम कोणी, कधी, कुठल्या पर्यायांनी बनवली याचा हा सर्वांत खात्रीचा पुरावा, कारण तो पूलमध्येच साठवलेला असतो. बनवणारा माणूस अजून सोबत काम करत असेल तर आधी त्याला विचारा. पाच मिनिटांचं बोलणं तासाभराची शोधाशोध वाचवतं.

त्यानंतर ‘फाइंडएमएनटी’ने माउंट बघा, ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ने एनएफएस शेअर बघा, सांबाची सेटिंग फाइल बघा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या आणि सिस्टीमडीच्या टायमरच्या याद्यांमध्ये त्या डिरेक्टरीचा मार्ग शोधा. कंटेनर चालत असतील तर त्यांचे व्हॉल्यूम तपासा. आणि झेडव्हॉल, म्हणजे पूलमधून काढलेली आभासी डिस्क, असेल तर जास्त जपा. ती माउंटच्या यादीत येत नाही. तिच्यावर एखादी व्हर्च्युअल मशीन चालू असू शकते, ती आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या पद्धतीने) दुसऱ्याच सर्व्हरला दिलेली असू शकते किंवा स्वॅप म्हणून वापरात असू शकते. ‘झेडएफएस लिस्ट -टी व्हॉल्यूम’ चालवलं की तिचा पत्ता लागतो.

शेवटचा बदल कधी झाला हे बघायला फाइलींच्या बदलाच्या तारखा उपयोगी पडतात. वाचण्याच्या तारखांवर मात्र भिस्त ठेवू नका. वेगासाठी ‘एटाइम’ बंद ठेवायची पद्धत सर्रास आहे, आणि तो बंद असेल तर फाइल रोज वाचली जात असली तरी तारीख जुनीच दिसते.

एक प्रत बाहेर

‘बॅकअप आहे’ असं ऐकून पुढे जाऊ नका. शेवटचा एक स्नॅपशॉट स्वतः घ्या आणि ‘झेडएफएस सेंड -मोठा आर’ने तो दुसऱ्या पूलवर, शक्य तर दुसऱ्या यंत्रावर पाठवा. मोठा आर लावला की पोटातल्या फाइल सिस्टीम, त्यांचे स्नॅपशॉट आणि गुणधर्म सगळं सोबत जातं. पोचलं का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे: दोन्ही बाजूंना त्या स्नॅपशॉटचा ‘जीयूआयडी’ हा गुणधर्म बघा. पाठवलेल्या स्नॅपशॉटचा हा क्रमांक पलीकडे तसाच राहतो, त्यामुळे दोन्ही आकडे जुळले तर तोच स्नॅपशॉट तिथे पोचला आहे. तरीही चार-दोन फाइली पलीकडच्या यंत्रावर उघडून बघाव्यात, या मताचा मी आहे.

आणि प्रत त्याच पूलवर ठेवू नका. फाइल सिस्टीमच काढायची असेल तर एक वेळ चालेल, पण पुढे पूलही मोडायचा असेल तर प्रतही त्याच्याबरोबर जाईल.

आता दिसेनासं करा

क्रम असा ठेवा. आधी त्यावर चालणारी सेवा बंद करा, आणि ती रीबूटनंतर आपोआप उठणार नाही हेही बघा. मग शेअर काढा. मग ‘झेडएफएस अनमाउंट टँक/प्रकल्प’. मग ‘कॅनमाउंट’ हा गुणधर्म ‘नोऑटो’ करा, नाहीतर पुढच्या रीबूटला फाइल सिस्टीम गुपचूप परत माउंट होते आणि आपण समजतो की ती आठवडाभर बंद होती. हा गुणधर्म पोटातल्या फाइल सिस्टीमकडे वारशाने जात नाही, तेव्हा प्रत्येकीला वेगळा लावावा लागतो. शेवटी नाव बदला: ‘झेडएफएस रीनेम टँक/प्रकल्प टँक/काढायचे-प्रकल्प’. नाव बदललं की जुन्या नावावर विसंबून असलेल्या स्क्रिप्ट लगेच अडखळतात आणि लपलेला वापर उघड्यावर येतो. आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

इथे एक खड्डा आहे. अनमाउंट केल्यावर माउंटची जागा रिकामी डिरेक्टरी म्हणून मागे उरू शकते. एखादा बॅकअप किंवा लॉग लिहिणारा प्रोग्राम बंद करायचा राहिला असेल, तर तो त्या रिकाम्या डिरेक्टरीत बिनतक्रार लिहीत सुटतो, आणि ते लिखाण जातं थेट सर्व्हरच्या मूळ डिस्कवर. काही तासांत मूळ डिस्क भरते आणि ज्याचा या कामाशी काही संबंध नाही असं काहीतरी बंद पडतं. उपाय सोपा आहे. ती रिकामी डिरेक्टरी काढून टाका, किंवा ‘सीएचअ‍ॅटर अधिक आय’ लावून तिला कुलूप घाला. मग लिहू पाहणाऱ्याला लगेच एरर येते आणि तो सापडतो.

किती दिवस थांबायचं? माझ्या मते निदान एक महिनाअखेर उलटू द्यावी. रोजचे आणि आठवड्याचे वापर चटकन कळतात. महिन्यातून एकदा चालणारा अहवालच नेमका सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला असतो.

‘बिझी आहे’ असं म्हणत असेल तर

अनमाउंट करताना ‘टार्गेट इज बिझी’ आलं की पहिला हात जबरदस्तीच्या पर्यायाकडे जातो. तो आवरा. हा संदेश म्हणजे अडथळा नाही, माहिती आहे. कोणीतरी अजून आत आहे.

‘एफयूझर -व्हीएम’ किंवा ‘एलएसओएफ’ने बघा. कैक वेळा आत बसलेला प्रोग्राम आपलाच टर्मिनल असतो, आपण त्याच डिरेक्टरीत उभं राहून कमांड देत असतो. तिथून बाहेर या. ‘एफयूझर’ला ‘के’ हा पर्यायही आहे. तो आत सापडलेल्या प्रत्येक प्रोसेसला मारून टाकतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

यादी रिकामी आली आणि तरीही बिझीच म्हणत असेल, तर ठरलेले संशयित बघा. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर कर्नलमध्ये चालतो, त्यामुळे त्याने धरलेली फाइल सिस्टीम या यादीत दिसत नाही. शेअर काढला की सुटते. आत स्वॅप फाइल असेल, एखादी इमेज फाइल लूप डिव्हाइस म्हणून जोडलेली असेल, किंवा पोटात दुसरी फाइल सिस्टीम माउंट असेल, तरी तेच. कंटेनरांचं आणखी वेगळं. प्रत्येक कंटेनरचा माउंटचा संसार स्वतंत्र असतो, आणि आपण इकडे अनमाउंट केलं तरी त्याच्या संसारात ते माउंट शिल्लक राहू शकतं. तो कंटेनर थांबवल्याशिवाय मार्ग नाही. ‘यूमाउंट -लहान एल’, म्हणजे आळशी अनमाउंट, हा उपाय नव्हेच. तो नाव यादीतून काढतो, पण वापर मागे चालूच ठेवतो. दिसेनासं झालं असं वाटतं, आणि आतला माणूस आतच.

फाइल सिस्टीम मोडणे

थांबायची मुदत संपली, कोणी आलं नाही. आता खरी कमांड. पण तिच्याआधी तीच कमांड ‘-एनव्ही’ लावून चालवा आणि छापलेली प्रत्येक ओळ वाचा. यादीत एकही अनोळखी नाव असेल तर तिथेच थांबा.

साधं ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ फक्त निखळ एकटी फाइल सिस्टीम काढतं. तिचे स्नॅपशॉट असतील किंवा पोटात दुसऱ्या फाइल सिस्टीम असतील तर ते नकार देतं आणि ‘लहान आर वापरा’ असं सुचवून काय काय जाईल ते मोजून दाखवतं. ही यादी म्हणजे फुकटची तपासणी. म्हणून पहिल्या फटक्यात लहान आर कधीच लावू नका, नकार येऊ द्या.

लहान आर आणि मोठा आर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहान आर त्या फाइल सिस्टीमच्या पोटातलं सगळं काढतो. मोठा आर त्याशिवाय तिच्या स्नॅपशॉटांवरून बनलेले क्लोनही (लिहिता येणाऱ्या फाइल सिस्टीम) काढतो, मग ते क्लोन पूलमध्ये दुसऱ्याच फांदीवर का असेनात. समजा ‘टँक/प्रकल्प’च्या एका जुन्या स्नॅपशॉटवरून कोणी ‘टँक/चाचणी’ हा क्लोन केला आणि आज तीच चालू जागा आहे. मोठ्या आरने ती बिनबोभाट जाईल. झेडएफएस आपणहून ‘मोठा आर वापरा’ असं सुचवतं म्हणून तो लावायचा, हे शहाणपण नव्हे. क्लोन राखायचा असेल तर ‘झेडएफएस प्रमोट टँक/चाचणी’ करा. मूळ स्नॅपशॉट क्लोनच्या नावे होतो, नातं उलटं फिरतं आणि जुनी फाइल सिस्टीम मोकळेपणी काढता येते. कोण कोणाचा क्लोन आहे हे ‘ओरिजिन’ या गुणधर्मात दिसतं.

स्नॅपशॉट काढताना ‘@’ या चिन्हावर डोळा ठेवा. ‘झेडएफएस डिस्ट्रॉय -लहान आर टँक/प्रकल्प@जुना’ ही कमांड ‘जुना’ नावाचे स्नॅपशॉट काढते, त्या फाइल सिस्टीमचा आणि तिच्या पोटातल्यांचेही. हीच ओळ ‘@जुना’ न लिहिता पाठवली तर फाइल सिस्टीमच जाते. स्क्रिप्टमध्ये स्नॅपशॉटचं नाव व्हेरिएबलमधून येत असेल आणि ते कधीतरी रिकामं निघालं, तर नेमकं हेच होऊ शकतं. त्यामुळे स्नॅपशॉट काढणाऱ्या स्क्रिप्टने नावात ‘@’ आहे याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊच नये. पूलच्या नावाचंही तसंच: ‘झेडएफएस डिस्ट्रॉय -लहान आर टँक’ पूल मोडत नाही, पण त्याच्या पोटातल्या सगळ्या फाइल सिस्टीम मोडतं.

एखादा स्नॅपशॉट निघतच नसेल आणि ‘डेटासेट इज बिझी’ येत असेल, तर बहुधा त्यावर कोणी ‘होल्ड’, म्हणजे पुसायला मनाई करणारी खूण, लावलेला असतो. ‘झेडएफएस होल्ड्स’ने त्याचं नाव बघा. होल्ड मुद्दाम लावलेला असतो, बऱ्याचदा प्रती पाठवणाऱ्या प्रोग्रामने. तो कोणाचा ते कळल्याशिवाय ‘रिलीज’ करू नका. उलट बाजूने, जो स्नॅपशॉट चुकूनही जाऊ नये त्यावर तुम्हीही होल्ड लावून ठेवू शकता. अख्खा पूल मोडला तर मात्र होल्डचा उपयोग नाही.

आता झेडएफएसची एक कमी ओळखीची सोय: ‘झेडपूल चेकपॉइंट टँक’. मोठ्या तोडफोडीआधी हे केलं, तर नंतर गरज पडल्यास पूल एक्सपोर्ट करून (म्हणजे सर्व्हरपासून सोडवून) ‘रिवाइंड टू चेकपॉइंट’ या पर्यायासह इम्पोर्ट करता येतो आणि मोडलेली फाइल सिस्टीमसुद्धा परत येते. मर्यादा तीन. पूल अख्खाच मागे जातो, म्हणजे मधल्या काळात बाकीच्यांनी लिहिलेलंही पुसलं जातं. चेकपॉइंट असेपर्यंत पुसलेल्या डेटाची जागा सुटत नाही. आणि तोवर पूलमधून डिस्क काढणं किंवा मिररला (तोच डेटा प्रत्येक डिस्कवर ठेवणाऱ्या गटाला) डिस्क जोडणं-सोडवणं चालत नाही. म्हणून हा तासाभराचा आधार समजा. काम नीट झालं की ‘झेडपूल चेकपॉइंट -लहान डी टँक’ने तो उतरवून टाका.

कमांड संपली आणि मोकळी जागा वाढलेली दिसली नाही, तर घाबरू नका. मोठी फाइल सिस्टीम मोडल्यावर ब्लॉक सोडण्याचं काम मागच्या बाजूला सावकाश चालतं. ‘झेडपूल गेट फ्रीइंग टँक’ किती बाकी आहे ते दाखवतं.

पूल मोडणे, किंवा न मोडणे

पूलमधून एखादीच डिस्क कमी करायची असेल तर पूल मोडायची गरज नसते, पण कुठली डिस्क हे महत्त्वाचं. कॅशची, लॉगची किंवा राखीव डिस्क ‘झेडपूल रिमूव्ह’ने सहज निघते. डेटाची डिस्क काढायची सोय लिनक्सवरच्या झेडएफएसच्या ०.८ आवृत्तीत, २०१९मध्ये आली. पण ती मिरर आणि सुट्या डिस्कपुरतीच आहे. पूलमध्ये एकही रेड-झेड (पॅरिटीने डेटा जपणारा) गट असेल तर ती चालत नाही. डेटा आधी उरलेल्या डिस्कवर हलवला जातो, म्हणून तेवढी जागाही तिथे लागते.

पूल खरोखरच मोडायचा असेल तर इथेही तेच सूत्र. आधी ‘झेडपूल एक्सपोर्ट टँक’. पूल या सर्व्हरच्या नजरेआड होतो, डेटाला धक्का लागत नाही आणि ‘झेडपूल इम्पोर्ट टँक’ने कधीही परत येतो. माझी शिफारस अशी, की मोडण्याआधी पूल काही दिवस असाच एक्सपोर्ट करून ठेवावा. शक्य असेल तर त्या काळात सर्व्हर एकदा रीबूटही करावा. सर्व्हर त्या पूलविना नीट उठतो का, हे डेटा शाबूत असतानाच कळलेलं बरं.

मग पूल परत इम्पोर्ट करा (मोडायला तो सर्व्हरवर असावा लागतो), ‘झेडपूल स्टेटस’मध्ये दिसणाऱ्या त्याच्या डिस्कांचे सीरियल नंबर लिहून घ्या, होस्टनेम बघून आपण हव्या त्याच यंत्रावर आहोत हे ताडून घ्या आणि ‘झेडपूल डिस्ट्रॉय टँक’. दोन-चार टर्मिनल एकदम उघडे असतील तर बाकीचे आधी बंद करा.

यानंतरही एक फट उघडी असते. ‘डिस्ट्रॉय’ने डेटा पुसला जात नाही. डिस्कवरच्या लेबलांवर (पूलची ओळख ठेवणाऱ्या नोंदींवर) ‘हा पूल मोडला’ अशी नोंद होते, एवढंच. ‘झेडपूल इम्पोर्ट -मोठा डी’ अशा मोडलेल्या पूलांची यादी दाखवतं, आणि पूलचं नाव व ‘-एफ’ जोडून तो परतही आणता येतो. पण त्या डिस्कवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तरच. चुकून पूल मोडला गेला तर म्हणूनच पहिलं काम: कशालाही हात न लावणे.

डिस्कवरच्या खुणा

डिस्क पुन्हा वापरायच्या असतील तर जुन्या खुणा काढाव्या लागतात. ‘सुरुवातीचे काही मेगाबाइट शून्यांनी भरा’ हा जुना सल्ला इथे अपुरा पडतो. झेडएफएस प्रत्येक डिव्हाइसवर लेबलाच्या चार प्रती ठेवतं, दर प्रत २५६ किलोबाइटची, दोन सुरुवातीला आणि दोन अगदी शेवटी. पुढचं पुसलं तरी मागच्या दोन शिल्लक राहतात, आणि महिन्यांनंतर नव्या पूलची जुळवाजुळव करताना मेलेला ‘टँक’ इम्पोर्टच्या यादीत हजर होतो.

त्यासाठी ‘झेडपूल लेबलक्लिअर’ आहे. लिनक्सवर झेडएफएसला अख्खी डिस्क दिली तरी ते तिच्यावर विभाग पाडतं, डेटा पहिल्या विभागात आणि शेवटी एक छोटा नववा विभाग. म्हणून लेबल पहिल्या विभागावरचं काढायचं, डिस्कवरचं नव्हे. त्यानंतर ‘वाइपएफएस -ए’ आधी विभागांवर, मग डिस्कवर. नुसतं ‘वाइपएफएस’ काही पुसत नाही, सापडलेल्या खुणांची यादी देतं. ती आधी वाचा. ‘बॅकअप’ हा पर्याय लावला तर पुसलेल्या खुणांची प्रत तुमच्या होम डिरेक्टरीत ठेवली जाते.

डिस्कचं नाव लिहिताना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं वापरू नका. रीबूटनंतर ती बदलू शकतात. ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधलं सीरियल नंबर असलेलं लांब नाव घ्या. टाइप करायला त्रास होतो, आणि तो त्रासच उपयोगाचा आहे.

एलव्हीएम, एमडी रेड आणि लिबव्हर्ट

एलव्हीएमवरच्या ईएक्सटी४ किंवा एक्सएफएससाठी क्रम: ‘यूमाउंट’, मग ‘एलव्हीरिमूव्ह’, ‘व्हीजीरिमूव्ह’, ‘पीव्हीरिमूव्ह’. दिसेनासं करायचं काम इथे ‘एलव्हीचेंज -एएन’ करतं; व्हॉल्यूम निष्क्रिय होतो, डेटा राहतो. एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी रचनेची नोंद ‘/ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह’मध्ये ठेवतं, आणि ‘व्हीजीसीएफजीरिस्टोअर’ने ती रचना परत लावता येते. मधे त्या जागेवर काही लिहिलं गेलं नसेल तर काढलेला व्हॉल्यूम डेटासकट परत मिळू शकतो. थिन पूलमधल्या (लागेल तशीच जागा देणाऱ्या) व्हॉल्यूमच्या बाबतीत मात्र यावर अजिबात विसंबू नका, त्यांच्या ब्लॉकचा हिशोब पूलच्या आत वेगळा ठेवलेला असतो.

एमडी रेडमध्ये ‘एमडीएडीएम -स्टॉप’ करून मग प्रत्येक डिस्कवर ‘झिरो सुपरब्लॉक’. ‘एमडीएडीएम’च्या सेटिंग फाइलमधली ओळ काढून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टीम) नव्याने बनवायला विसरू नका.

व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टचे स्टोरेज पूल असतील तर शब्दांचे अर्थ उलटे लागतात. ‘व्हर्श पूल-डिस्ट्रॉय’ पूल फक्त थांबवतं, डेटा तसाच राहतो. ‘पूल-अनडिफाइन’ त्याची व्याख्या काढतं. डेटा पुसतं ते ‘पूल-डिलीट’. झेडएफएसकडून इकडे आलेला माणूस ‘डिस्ट्रॉय’ला घाबरतो, ते एक वेळ ठीक. इकडून झेडएफएसकडे गेलेला त्याच शब्दाला बिनधास्त हाताळतो, आणि खरी भीती तिथे आहे.

मागे राहिलेल्या नोंदी

‘एफएसटॅब’ फाइलमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) काढलेल्या फाइल सिस्टीमची ओळ राहिली तर आज काहीच होत नाही. पुढच्या रीबूटला सिस्टीमडी त्या डिव्हाइसची साधारण ९० सेकंद वाट बघतं आणि मग सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतो. दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत याचा अर्थ एसएसएचही नाही. ओळ काढा, ‘सिस्टीमसीटीएल डीमन-रीलोड’ करा, ‘फाइंडएमएनटी -व्हेरिफाय’ने फाइल तपासा. एनएफएसच्या क्लायंट यंत्रांवरच्या ‘एफएसटॅब’मध्येही तीच ओळ असेल. ती यंत्रं आपल्या ताब्यात नसतील तर त्यांच्या मालकांना शेअर काढण्याआधीच कळवायला हवं, नंतर नव्हे. बॅकअपची यादी, मॉनिटरिंगचे इशारे, स्नॅपशॉट घेणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग, स्क्रबचे (डेटाच्या नियमित तपासणीचे) टायमर यांतूनही जुनं नाव काढा.

डिस्क सर्व्हरबाहेर जाणार असतील तर ‘वाइपएफएस’वर थांबू नका. त्याने खुणा जातात, डेटा जागेवर असतो. फिरत्या डिस्कवर पूर्ण पृष्ठभाग एकदा लिहून काढणं पुरेसं ठरतं. एसएसडीवर तसं लिहिलं तरी कंट्रोलरने राखून ठेवलेल्या भागापर्यंत ते पोचत नाही. तिथे डिस्कचीच ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ कमांड वापरावी लागते. डेटा पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेला असेल तर किल्ली नष्ट केली की काम भागतं, फक्त तिच्या सगळ्या प्रती शोधायला हव्यात. आणि डिस्क खाचेतून ओढण्याआधी मघाशी लिहून घेतलेला सीरियल नंबर तिच्यावरच्या चिकटपट्टीशी ताडा. सर्व्हरला सोय असेल तर ‘लेडसीटीएल’ने त्या खाचेचा दिवा लावून घ्या, शेजारच्या खाचेत चालू पूलची डिस्क असू शकते.